हेड कोच गेला की दहा घरं हलतात

नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेतल्या क्रीडा बातम्यांमध्ये सामन्यांइतक्याच नेमणुका आणि हकालपट्ट्या गाजायला लागतात. २०२५ मध्ये ‘ओल मिस’, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या तोंडावर होता, आणि नेमक्या त्याच वेळी, ३० नोव्हेंबरला, त्यांचे हेड कोच लेन किफिन यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाची (एलएसयू) नोकरी पत्करली. ओल मिसनं बचावाचे प्रमुख पीट गोल्डिंग यांना हेड कोच केलं. किफिन यांच्यासोबत एलएसयूला जायचं ठरलेले काही साहाय्यक कोच मात्र बाद फेरीसाठी ओल मिसच्याच मुलांसोबत थांबले. पुढची नोकरी एलएसयूत आणि आजची तालीम ओल मिसमध्ये, अशी त्यांची अवस्था होती.

ज्यांची मुलं ओहायो स्टेट, मिशिगन, पर्ड्यू, टेक्सस अशा विद्यापीठांत शिकतात त्या मराठी आईवडिलांना ही सगळी भानगड कोड्यात टाकते. कॉलेजच्या खेळात एवढे कोच कशाला? साहाय्यकाला प्राध्यापकाच्या कितीतरी पट पगार कसा? आणि एक माणूस गेला म्हणून बाकीच्या दहा जणांनी घर का सोडायचं? तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या साहाय्यक कोचच्या नोकरीतच आहेत. ही नोकरी कौशल्याच्या जोरावर मिळते, पण टिकते दुसऱ्याच्या भरवशावर.

आधी खेळ कोणता ते

इथं फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात तालमींच्या संघांत रंगतो तो पायाचा खेळ नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल आहे: लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या ११ जणांनी चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं. समोरचे ११ जण त्यांना अडवतात. एक प्रयत्न जेमतेम पाच-सहा सेकंद चालतो, की खेळ थांबतो. पुढची चाल सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात.

हा थांबा लक्षात ठेवा, कारण कोचांची सगळी फौज त्याच्यावरच उभी आहे. क्रिकेटमध्ये दर चेंडूआधी कर्णधारानं अकराच्या अकरा खेळाडूंना नव्या जागा द्यायच्या आणि प्रत्येकानं पहिलं पाऊल कोणत्या पायानं टाकायचं हेही सांगायचं, असं समजा. एका सामन्यात एका संघाच्या अशा साधारण ७० चाली होतात, आणि त्यातली प्रत्येक कोणीतरी आधी ठरवलेली असते. आक्रमणाचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे, चेंडू लाथेनं मारायच्या प्रसंगांसाठीची तुकडी आणखी वेगळी. संघात शंभराच्या आसपास मुलं असतात. एकट्या माणसाला हे झेपणं शक्यच नाही.

दहा जण करतात काय?

कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या सर्वांत वरच्या गटात हेड कोचसोबत १० साहाय्यक कोच असतात. २०१८ च्या आधी ही संख्या नऊ होती. त्यांच्यात दोन थर आहेत.

वरच्या थरात दोन कोऑर्डिनेटर असतात, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा. आपापल्या बाजूची पूर्ण योजना तेच आखतात आणि सामन्यात कोणती चाल खेळायची हेही बहुतेक ठिकाणी तेच सांगतात. खालच्या थरात पोझिशन कोच असतात, म्हणजे एकेका जागेचे शिक्षक: क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याचा एक, धावणाऱ्यांचा एक, चेंडू झेलणाऱ्यांचा एक, पुढच्या फळीतल्या धिप्पाड मुलांचा एक, आणि बचावातही असेच. लग्नाच्या मोठ्या स्वयंपाकात मुख्य आचारी मेनू ठरवतो, पण जिलबीवाला, पुऱ्या लाटणारे आणि भातावरचा माणूस वेगळे असतात. पुरी कच्ची राहिली की आधी पुरीवाल्याला बोलावणं येतं. पोझिशन कोचचं तसंच असतं. त्याचे चार-पाच खेळाडू चुकले की पहिला जाब त्याला विचारतात.

पहिली पायरी: ग्रॅज्युएट असिस्टंट

या धंद्यात शिरायला कुठली परीक्षा नाही की सरकारी परवाना नाही. पदवी लागते, आणि कोणीतरी दार उघडावं लागतं. स्वतः कॉलेजात खेळलेलं असलं तर बरं, पण तशी सक्ती नाही. माइक लीच कॉलेजात फुटबॉल खेळलेच नव्हते. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीमध्ये साहाय्यक म्हणून सुरुवात केली, आणि पुढं टेक्सस टेक विद्यापीठाचे हेड कोच झाले.

नेहमीचं दार म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, बोलीत ‘जीए’. मुलगा पदव्युत्तर अभ्यासाला नाव घालतो, विद्यापीठ त्याची फी भरतं आणि वर थोडं विद्यावेतन देतं, आणि तो फुटबॉलच्या कचेरीत पडेल ते काम करतो. सीएची आर्टिकलशिप ज्यांनी केली असेल त्यांना हे लगेच कळेल. पैसे नावापुरते, तास भरपूर, आणि पुढं शिफारस कोणाची मिळते यावर सगळं अवलंबून.

त्या कामातलं एकच काम जवळून बघू. मंगळवारच्या सरावात आपल्या आक्रमणाला पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचा बचाव दाखवायचा असतो. तो बचाव नकली उभा करतात राखीव मुलं, आणि त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून जीए प्रत्येक चालीसाठी एक कार्ड काढतो. जाड मार्करनं आक्रमणाचे गोल, बचावाचे त्रिकोण आणि प्रत्येकानं कुठं धावायचं याचे बाण. कोपऱ्यात चालीचा क्रमांक आणि चेंडू मैदानाच्या डावीकडे, मध्ये की उजवीकडे आहे ती खूण. कार्डं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फाइलला लावायची. सरावात ती फाइल उघडून मुलांच्या घोळक्यासमोर धरायची. मुलांना बघायला मिळतात काही सेकंद, मग सगळे आपापल्या जागी पळतात.

चूक नेमकी कुठं होते? चित्र आक्रमणाच्या बाजूनं काढलं आणि दाखवलं बचावाला, की डावं-उजवं उलटतं. भलत्याच फटीत भलताच मुलगा घुसतो आणि आपल्या पुढच्या फळीला शनिवारी जे दिसणारच नाही त्याचा सराव होतो. सरावाचा वेळ नियमानं बांधलेला आहे: मोसमात खेळाडूंसाठी आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. वाया गेलेली चाल त्या २० तासांतून जाते. नवा जीए कसा आहे हे कोऑर्डिनेटरला त्याच्या कार्डांवरून आठवड्याभरात कळतं.

शनिवार ते शनिवार

२० तासांचं बंधन खेळाडूंना आहे, कोचांना नाही.

शनिवारी सामना झाला की रविवारी सकाळी चित्रीकरण लावलं जातं. प्रत्येक चाल दोन कोनांतून असते, एक बाजूनं आणि एक गोलखांबांच्या मागून. पुढच्या फळीचा कोच पाच खेळाडूंच्या प्रत्येक चालीला गुण देतो: नेमून दिलेला माणूस अडवला का, तंत्र बरोबर होतं का, जीव ओतला का. ७० चाली गुणिले पाच खेळाडू म्हणजे ३५० निवाडे. डाव्या गार्डनं, म्हणजे या पाचांतल्या मधल्याच्या डावीकडच्या खेळाडूनं, पहिलं पाऊल सहा इंचांचं टाकायचं असतं. त्यानं फूटभर टाकलं तर वजन एका पायावर जातं आणि समोरचा दीडशे किलोचा गडी त्याला ढकलून मागं नेतो. प्रेक्षकांना दिसतं की धावणारा पडला. कोचला दिसतं ते पाऊल. ही नजर तयार व्हायला वर्षं लागतात, आणि माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

रविवारी दुपारनंतर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास सुरू होतो. त्याच्या आधीच्या सामन्यांतली प्रत्येक चाल तक्त्यात भरतात: कितवा प्रयत्न, किती यार्ड हवे, चेंडू कुठं, रचना कोणती. मग सवयी उघड्या पडतात. उदाहरणार्थ, तिसऱ्या प्रयत्नाला सात यार्ड हवे असले की हा संघ बहुतेक वेळा पाच जण क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडतो. सोमवार-मंगळवारी पहिल्या दोन प्रयत्नांची योजना बसवतात, बुधवारी तिसऱ्या प्रयत्नाची आणि गोलजवळच्या प्रसंगांची. गुरुवारी उजळणी होते. शुक्रवारी हॉटेलात मुक्काम, आणि जवळपास एखाद्या शाळेचा सामना असेल तर काही साहाय्यक तो बघायला जातात.

सामन्याच्या दिवशी काही कोच मैदानाच्या कडेला उभे असतात, काही वर काचेच्या खोलीत बसतात, कारण वरून २२ च्या २२ जण दिसतात. २०२४ पासून वरच्या गटात मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटात कोचचा आवाज पोचू शकतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. म्हणजे ४० पैकी हाती उरतात २५ सेकंद. तेवढ्यात समोरच्यांनी कोणते खेळाडू बदलले ते बघायचं, चाल निवडायची आणि सांगायची. वर खोलीतल्या साहाय्यकानं दोन सेकंद उशीर केला की खाली गोंधळ उडतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो.

मैदानाबाहेरचं अर्धं काम

कॉलेजचा कोच आणि व्यावसायिक लीगचा कोच यांच्यातला मोठा फरक म्हणजे भरती. कॉलेजच्या कोचला खेळाडू शाळांतून शोधून आणावे लागतात. प्रत्येक साहाय्यकाला प्रदेश वाटून दिलेला असतो, औषध कंपनीच्या प्रतिनिधीला जिल्हे दिलेले असतात तसा. त्या भागातल्या शाळांचे कोच, मुलांच्या आया, आजोबा, चर्चमधली माणसं, सगळ्यांशी त्याची ओळख हवी. वर्षाचं कॅलेंडरही नियमानं कापलेलं असतं. कधी घरी भेटता येतं, कधी फक्त खेळ बघता येतो, कधी प्रत्यक्ष भेट पूर्ण बंद. चुकीच्या दिवशी शाळेत झालेली साधी गाठभेटसुद्धा नियमभंग ठरू शकते.

डिसेंबरमध्ये सह्यांचे दिवस येतात. मुलगा सही करतो ती विद्यापीठासाठी, पण त्याचा विश्वास बसलेला असतो वर्षभर फोन करणाऱ्या साहाय्यकावर. पूर्वी सही झाली की कोच जरा मोकळा श्वास घ्यायचा. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आलं, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी. तेव्हापासून आपल्याच संघातल्या मुलांनाही दरवर्षी नव्यानं राजी करावं लागतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवायची मोकळीक मिळाली, आणि राजी करण्याच्या त्या बोलण्यात पैशांचा विषय आला.

वर चढायचं कसं? एक खरी वाट

डेव्ह अरांडा यांचा प्रवास नकाशावर मांडला की ही नोकरी चटकन समजते. सुरुवात कॅलिफोर्नियातल्या कॅल लुथरन या छोट्या कॉलेजात, जिथं खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. २००० ते २००२ टेक्सस टेकमध्ये जीए, हेड कोच तेच वर आलेले माइक लीच. मग ह्यूस्टनमध्ये पोझिशन कोच. २००५ मध्ये पुन्हा छोट्या कॅल लुथरनमध्ये. पुढं मिसिसिपीतलं डेल्टा स्टेट, यूटामधलं सदर्न यूटा, मग हवाई, मग यूटा स्टेट, मग विस्कॉन्सिन, आणि २०१६ मध्ये एलएसयू. जानेवारी २०१८ मध्ये एलएसयूनं त्यांच्याशी चार वर्षांचा करार केला, वर्षाला २५ लाख डॉलर. त्या काळी साहाय्यकासाठी तो आकडा थक्क करणारा होता. जानेवारी २०२० मध्ये एलएसयू राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याच महिन्यात अरांडा टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठाचे हेड कोच झाले.

या वाटेवर दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. ह्यूस्टन वरच्या गटातलं, कॅल लुथरन सर्वांत खालच्या. तिथं परत जाणं म्हणजे सरकारी भाषेत पदावनती. पण खाली गेल्यावर बचावाच्या कोऑर्डिनेटरपदात वाटा मिळाला. कोऑर्डिनेटर व्हायचं असेल तर कुठंतरी चाली सांगून दाखवाव्या लागतात, आणि मोठ्या संघात ती संधी नवख्याला कोणी देत नाही. म्हणून अनेक जण मुद्दाम एक पायरी उतरतात. मुंबईत साहाय्यक राहण्यापेक्षा तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापक व्हावं, तसंच हे.

दुसरी गोष्ट माणसांची. २०१२ मध्ये यूटा स्टेटला गॅरी अँडरसन हेड कोच होते. ते २०१३ मध्ये विस्कॉन्सिनला गेले आणि अरांडांना सोबत घेऊन गेले. २०१४ च्या डिसेंबरात अँडरसन विस्कॉन्सिन सोडून गेले, तेव्हा नव्या हेड कोचनी अरांडांना ठेवून घेतलं. असं ठेवून घेतलं जाणं हा अपवाद असतो, आणि त्यावरूनच कळतं की तोवर त्यांचं काम लोकांच्या नजरेत किती भरलं होतं.

साहाय्यकांची दखल घेणारा एक मोठा पुरस्कारही आहे. अर्कान्सॉ विद्यापीठाचे जुने हेड कोच फ्रँक ब्रॉयल्स यांच्या नावानं तो १९९६ पासून दरवर्षी देतात. २००९ मध्ये तो कर्बी स्मार्ट यांना मिळाला. तेव्हा ते अलाबामात हेड कोच निक सेबन यांच्या हाताखाली बचावाचे कोऑर्डिनेटर होते. डिसेंबर २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठानं स्मार्ट यांना हेड कोच नेमलं, तरी जानेवारीतला राष्ट्रीय अंतिम सामना होईपर्यंत त्यांनी अलाबामाचा बचाव सांभाळला. ओल मिसच्या बातमीत जे विचित्र वाटलं त्याची प्रथा अशी जुनी आहे.

हेड कोच गेला की बाकीचे का जातात?

मंत्र्याचं खातं गेलं की त्याचे खाजगी सचिव आणि विशेष कार्य अधिकारी खुर्च्या रिकाम्या करतात. नवा मंत्री आपली माणसं आणतो. इथंही नेमकं तेच घडतं. साहाय्यकाच्या करारावर सही विद्यापीठाची असते, पण त्याला निवडलेलं असतं हेड कोचनं.

घटनाक्रम साधारण असा असतो. शेवटचा सामना शनिवारी हरला, रविवारी दुपारी हेड कोचला काढल्याची बातमी. साहाय्यकांना सांगतात, तूर्त कामावर या, भरतीचे फोन थांबवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत नवा हेड कोच येतो आणि एकेकाला बोलावून थोडा वेळ बोलतो. दहांपैकी एखाद-दुसरा राहतो, बहुतेकदा ज्याच्याकडे त्या राज्यातल्या शाळांची घट्ट ओळख आहे तो. बाकीच्यांना करारातले उरलेले महिने मिळतात. साहाय्यकाचा करार साधारण एक ते तीन वर्षांचा, त्यामुळे रक्कमही बेताचीच. हेड कोचचं तसं नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमनं जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा करारातली देणी ७.५ कोटी डॉलरहून जास्त होती.

मग जानेवारीत कोचांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरतं. व्याख्यानं आत चालतात, नोकऱ्या हॉटेलच्या लॉबीत ठरतात. तिशीतले-चाळिशीतले बाप्ये हातात फोन धरून उभे असतात, ओळखीचा चेहरा शोधत. घरी मुलांची शाळा अर्ध्या वर्षात बदलायची आहे आणि पुढचं गाव कोणतं हेही ठाऊक नाही.

मला इथली गोष्ट मनापासून खटकते ती ही: ज्या कोचच्या तुकडीनं वर्षभर उत्तम काम केलं तोही जातो. डॅबो स्विनी अलाबामात झेलणाऱ्यांचे कोच होते. २००० च्या मोसमात हेड कोचसकट सगळ्यांना काढलं, आणि पुढची दोन वर्षं स्विनी बर्मिंगहॅममध्ये दुकानांच्या जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीत काम करत होते. २००३ मध्ये क्लेमसननं परत बोलावलं. २००८ च्या ऑक्टोबरात तिथले हेड कोच पायउतार झाले, आणि कधीही कोऑर्डिनेटर न झालेल्या या पोझिशन कोचकडे मोसमाच्या मध्यावर संघ सोपवला गेला. त्यांच्या हाताखाली क्लेमसननं दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या दोन वर्षांत ते जागांच्या धंद्यातच रमले असते, तर कोणाला कळलंही नसतं.

“पण एवढा पगार? तोही सरकारी विद्यापीठात?”

आक्षेप रास्त आहे. मोठ्या विद्यापीठांत खेळांच्या विभागाचा हिशेब वेगळा असतो. प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटं आणि देणगीदार यांच्याकडून पैसा येतो. पण स्वतःच्या कमाईवर पूर्ण चालणारे विभाग मोजकेच. बाकी ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीतून किंवा विद्यापीठाच्या तिजोरीतून भर घालतात. आणि २५ लाखांचे आकडे शिखरावरच्या थोड्यांचे. छोट्या कॉलेजांतले कित्येक साहाय्यक शाळेत शिकवून किंवा दुसरं काम करून हे करतात.

मग एनसीएए पगाराला मर्यादा का घालत नाही? घातली होती. नव्वदच्या दशकात फुटबॉल सोडून बाकी खेळांतल्या एका प्रकारच्या साहाय्यकांचा पगार वर्षाला १६,००० डॉलरवर बांधला गेला. बास्केटबॉलचे कोच कोर्टात गेले. स्पर्धा राखणाऱ्या कायद्याचं म्हणणं असं की विद्यापीठं ही एकमेकांची स्पर्धक असतात, आणि स्पर्धकांनी एकत्र बसून नोकराचा पगार ठरवायचा नसतो. १९९८ मध्ये अपील न्यायालयानं कोचांचा दावा उचलून धरला आणि पुढच्या वर्षी ५.४५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तेव्हापासून कोणी पुन्हा त्या वाटेला गेलं नाही.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. पैसा वाढत गेला, पण खेळाडूंना पगार द्यायला कित्येक दशकं बंदी होती. पाणी वाट मिळेल तिकडं जातं. ते कोचांच्या पगारांत आणि सरावाच्या इमारतींत गेलं. २०२५ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या खटल्यातल्या तडजोडीनं विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. हे फार आधी व्हायला हवं होतं.

लाखोंचा माणूस ३५ हजारांवर का?

बातम्यांत ‘अ‍ॅनालिस्ट’ हे पद दिसलं की गोंधळ होतो. हा कचेरीत बसून प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारा माणूस. पूर्वी त्याला खेळाडूंना शिकवायची परवानगी नव्हती. टेनेसी विद्यापीठानं २०१७ मध्ये हेड कोच बुच जोन्स यांना काढलं, तेव्हा ८० लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी ते अलाबामात अ‍ॅनालिस्ट झाले, पगार ३५,००० डॉलर. असल्या करारांत बहुधा एक कलम असतं: काढलेल्या कोचला नवी नोकरी मिळाली तर तिथला पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा होतो. नव्या ठिकाणी जास्त मागून त्याच्या खिशात काहीच वाढत नाही, फक्त जुन्या मालकाचे पैसे वाचतात. म्हणून तो थोडक्यावर राजी होतो आणि नव्या विद्यापीठाला अनुभवी डोकं स्वस्तात मिळतं. स्टीव्ह सार्किजियनही २०१६ मध्ये अ‍ॅनालिस्ट म्हणूनच अलाबामात आले. पुढं तिथल्या आक्रमणाचे कोऑर्डिनेटर झाले, २०२० मध्ये ब्रॉयल्स पुरस्कार मिळवला आणि २०२१ मध्ये टेक्ससचे हेड कोच झाले.

जून २०२४ मध्ये एनसीएएनं बंधन काढलं. आता अ‍ॅनालिस्टही सरावात आणि सामन्यात शिकवू शकतात. बाहेर जाऊन भरती करायची मुभा मात्र हेड कोच आणि १० साहाय्यकांनाच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्या संघाकडे आता मैदानावर पंधरा-वीस कोच दिसतात.

“एकाच जागी राहता येत नाही का?”

येतं, हेड कोच टिकला तर. आयोवात कर्क फेरेंट्झ १९९९ पासून हेड कोच आहेत आणि फिल पार्कर त्याच वर्षापासून त्यांच्याबरोबर. ते २०१२ मध्ये बचावाचे कोऑर्डिनेटर झाले, २०२३ मध्ये त्यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. व्हर्जिनिया टेकमध्ये बड फॉस्टर १९८७ मध्ये आले आणि २०१९ ला निवृत्त झाले. फ्लोरिडा स्टेटला मिकी अँड्र्यूज यांनी बॉबी बाउडन यांच्या हाताखाली १९८४ ते २००९ बचाव सांभाळला. या तिघांच्याही मागं वर्षानुवर्षं न हलणारा हेड कोच होता.

आणि सगळ्यांची शिडी सारख्या उंचीची नसते. सिल्व्हेस्टर क्रूम अलाबामात खेळले, १९७६ पासून साहाय्यक होते, पुढं सतरा मोसम व्यावसायिक लीगमध्ये काढले. १ डिसेंबर २००३ रोजी मिसिसिपी स्टेटनं त्यांना नेमलं, तेव्हा साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या बलाढ्य साखळीला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच मिळाला. तोवर क्रूम २८ वर्षं साहाय्यक होते. कृष्णवर्णीय कोचना धावणाऱ्यांच्या किंवा झेलणाऱ्यांच्या तुकड्या आणि भरतीचं काम जास्त मिळतं, क्वार्टरबॅकची तुकडी आणि चाली सांगायचं काम कमी. हेड कोच निवडताना बघतात मात्र चाली कोणी सांगितल्या ते.

आपल्या मुलाला यात शिरायचं असेल तर

अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला कोच म्हणून नाही, पण चित्रीकरण, तक्ते आणि आकडेमोड या बाजूनं दार आहे. मोठ्या संघांना ही कामं करणारी विद्यार्थी मुलं लागतात. विचारायचं मोसम संपल्यावर, वसंतातल्या सरावाच्या आधी. ऑगस्टमध्ये विचारलं तर जागा भरलेल्या असतात. पत्रात खेळाचं वेड सांगू नका. एखाद्या सामन्यातल्या सगळ्या चाली स्वतः तक्त्यात भरून, तिसऱ्या प्रयत्नाच्या सवयी काढून, ते एक पान जोडा. कचेरीतल्या माणसाला तेवढं पुरतं.

एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मोसमात या कचेऱ्यांना त्याच्या दुप्पट तास हवे असतात. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा आणि तास लिहून ठेवा. जास्त वेळ थांबायचा आग्रह झाला तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा.